खोतांचा वाडा आणि शहरांतील बिऱ्हाड

वाशी, नेरूळ, ऐरोली किंवा बेलापूर येथें स्थायिक झालेल्या कोंकणांतील कुटुंबांत सातबाराचा एखादा जुना उतारा बहुधा कपाटाच्या तळाशीं जपून ठेवलेला असतो. त्यावर रत्नागिरी किंवा रायगड जिल्ह्यांतील एका गांवाचें नांव असतें आणि खालीं सहहिस्सेदारांची लांबलचक यादी असते. त्या यादींत आजोबांचें, पणजोबांचें, किंवा घरांतील कोणीं कधीं पाहिलेले नाहींत अशा चुलत आजोबांचें नांव सांपडतें. गणपतीच्या दिवसांत पनवेलहून गाडी धरून कुटुंबांतील चार माणसें त्या गांवीं जातात, कौलें परतण्याचा खर्च कोणीं सोसावा याची चर्चा करतात आणि रजा संपण्याच्या आदल्या दिवशीं परत येतात. अशा घरांतील वडील मंडळी 'आपल्याकडे खोती होती' असें सांगतात आणि तरुण मंडळी तें ऐकून घेतात. खोती म्हणजे नेमकें काय, तिचा थाट कशाच्या बळावर चालला आणि ती गेली ती कशामुळें गेली, हें मात्र सांगणाऱ्यालाहि पुष्कळदां ठाऊक नसतें.

या प्रश्नांचा मागोवा घेणारी एक विस्तीर्ण कादंबरी मराठींत आहे. श्रीपाद नारायण पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' ही ती कादंबरी १९८७ सालीं दोन खंडांत प्रसिद्ध झाली. तिची पृष्ठसंख्या हजाराहून अधिक असून तींत एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांची कहाणी आलेली आहे. पेंडसे यांचा जन्म १९१३ सालीं दापोली तालुक्यांतील मुर्डी या गांवीं झाला. पुढें ते मुंबईस आले, शिकले आणि तेथील 'बेस्ट' उपक्रमांत त्यांनीं नोकरी केली. त्या उपक्रमाचा इतिहासहि त्यांनीं पुस्तकरूपानें लिहिला. परंतु लेखणी हातीं घेतली कीं त्यांचें मन बहुधा खाडीच्या कांठाकडे वळे. 'एल्गार', 'हद्दपार', 'गारंबीचा बापू' या त्यांच्या आरंभींच्या कादंबऱ्या १९४९ ते १९५२ या अवघ्या चार वर्षांत आल्या. 'रथचक्र' या कादंबरीस १९६३ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'तुंबाडचे खोत' प्रसिद्ध झाली तेव्हां लेखकाचें वय चौऱ्याहत्तर वर्षांचें होतें. उभ्या आयुष्यांत पाहिलेला आणि ऐकलेला मुलूख त्यांनीं या एका ग्रंथांत साठवला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तुंबाड हें नांव आजच्या तरुणांच्या कानांवर पडलें तें बहुधा २०१८ सालच्या हिंदी चित्रपटामुळें. त्या चित्रपटाचें नांव पेंडसे यांच्या कादंबरीवरून घेतलेलें असलें तरी त्याची भयकथा निराळी आहे आणि कादंबरींत तसलें कांहींहि नाहीं. तुंबाड हें खेड तालुक्यांत, जगबुडी नदीच्या कांठीं वसलेलें गांव आहे. जगबुडी हा शब्द मराठींत प्रलय या अर्थानें वापरला जातो, आणि पावसाळ्यांत ती नदी आपलें नांव सार्थ करते. खेड शहरावरून ती वाहत जाते, वाशिष्ठीला मिळते आणि दाभोळच्या खाडीनें समुद्रास पोंचते. पनवेलपासून निघणारा मुंबई-गोवा महामार्ग खेडजवळ ही नदी ओलांडतो. १९९८ सालीं संपूर्ण मार्ग खुला झालेली कोंकण रेल्वे, जिचें मुख्य कार्यालय बेलापूर येथें आहे, तीहि खेडवरूनच जाते. नवी मुंबईंतून सकाळीं निघालेला माणूस दुपारच्या आंत त्या मुलखांत पोंचतो. कादंबरींत शिरतांना मात्र त्याला एका निराळ्या राज्यपद्धतींत जावें लागतें, आणि ती समजल्याखेरीज त्या चार पिढ्यांचा अर्थ लागत नाहीं.

खोत म्हणजे जमीनदार अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. विजापूरच्या आदिलशाहीच्या काळापासून कोंकणांत ही पद्धति चालत आलेली दिसते. गांवचा सारा वसूल करून सरकारांत भरण्याची जबाबदारी एका माणसानें पत्करावी आणि त्या बदल्यांत त्याला गांवावर कांहीं हक्क मिळावेत, असें तिचें मूळ स्वरूप होतें. हा हक्क पुढें वंशपरंपरा झाला. इंग्रजी अमदानींत खोत सरकारला कबुलायत लिहून देई आणि गांवाचा सारा भरी. कुळांकडून जें वसूल होई आणि सरकारांत जें भरावें लागे, त्यांतील फरक हा खोताचा फायदा. रत्नागिरी जिल्ह्यांतील बहुसंख्य गांवें अशीं खोतीचीं होतीं. खोत एकाच जातीचे असत असेंहि नाहीं. ब्राह्मण, मराठे आणि मुसलमान अशा सर्व समाजांत खोत घराणीं होतीं.

गांवांतील सर्व शेतकऱ्यांची स्थिति सारखी नसे. ज्याला फक्त ठरलेला धारा भरावयाचा तो धारेकरी. त्याची मान कांहींशी ताठ असे. बाकीचीं कुळें पिकाचा हिस्सा देत. भाताच्या खाचरांतील पिकाचा अर्धा भाग खोताकडे जाई, त्यास अर्धेल म्हणत; डोंगरउतारावरच्या वरकस जमिनींतील नाचणी-वरीचा तिसरा हिस्सा जाई, त्यास तिर्धेल म्हणत. याखेरीज वेठ असे. खोताच्या शेतांत नांगर धरणें, त्याच्या घराची शाकारणी करणें, अशीं कामें कुळानें मोबदल्यावांचून करावयाचीं, अशी रूढि होती. १८८० सालीं सरकारनें खोतीचा कायदा करून खोत आणि कूळ यांच्या हक्कांची मांडणी केली. तथापि कोर्टाची पायरी चढण्यास पैसा, अक्षरज्ञान आणि वेळ या तिन्ही गोष्टी लागतात, आणि त्या तिन्ही खोताच्याच घरीं होत्या.

अशा घराण्याचा दरारा पाहणाऱ्याला तो अढळ वाटे. पण त्याच्या पायाशीं एक साधें गणित बसलेलें होतें, आणि तें घराण्याच्या विरुद्ध चाललें होतें. खोती हा वारसाहक्क. त्यावर सर्व मुलांचा सारखा वांटा. समजा, मूळ पुरुषाची एका गांवाची सोळा आणे खोती आहे आणि त्याला चार मुलगे आहेत. प्रत्येकाच्या वाट्यास चार आणे येतात. त्या प्रत्येकाला चार मुलगे झाले तर नातवांच्या वाट्यास एकेक आणा, आणि पणतवांच्या वाट्यास तीन पै. चौथ्या पिढींत चौसष्ट माणसें स्वतःला खोत म्हणवतात, वाडा तोच असतो, भाताचीं खाचरें तींच असतात आणि डोंगर एका वावानेंहि रुंद झालेला नसतो. सहहिस्सेदारांनीं आळीपाळीनें एकेक वर्ष गांवाचा कारभार पाहावा, अशी वहिवाट यांतूनच निघाली. ज्याचें वर्ष असेल त्याला त्या वर्षांत जेवढें काढून घेतां येईल तेवढें काढून घ्यावें असें वाटणें स्वाभाविक होतें. पुढच्या वर्षीं गांव आपल्या हातीं नाहीं हें त्याला पक्कें ठाऊक असे. कुळावरील जुलूम आणि भावाभावांतील वैर यांची मुळें अशीं एकाच मातींत रुजलेलीं होतीं.

या गणिताचा दुसरा भाग म्हणजे खर्च. वांटे लहान होत गेले तरी मान लहान करतां येत नव्हता. गांवची पालखी आधीं खोताच्या दारीं यावी, लग्नांत पंगती उठाव्यात, पाहुण्याला विन्मुख पाठवूं नये, हे घराण्याचे रिवाज सोळा आणे खोती असतांना पडलेले. तीन पैंचा धनीहि ते मोडण्यास धजत नसे. मग कर्ज निघे, दागिना गहाण पडे आणि बांधाच्या हातभर जागेसाठीं रत्नागिरीच्या कोर्टांत वर्षानुवर्षे दावा चाले. दावा जिंकणाऱ्यालाहि तो परवडत नसे. आपला हक्क आपण सोडला नाहीं एवढें समाधान तेवढें पदरीं पडे.

हें सर्व कायद्याच्या पुस्तकांतून आणि जुन्या सरकारी अहवालांतून कळूं शकतें. मग कादंबरीची गरज कोठें पडते? अहवालांत खोत हा एक वर्ग असतो. कादंबरींत तो वडील असतो, भाऊ असतो, नवरा असतो. पेंडसे यांनीं रंगविलेले खोत रगेल आहेत तसे रंगेलहि आहेत. त्यांचा राग, त्यांचा हट्ट, त्यांचें औदार्य आणि त्यांचा दुष्टपणा हे सगळे एकाच धमनींतून वाहतात. त्यांचा तिटकारा यावा अशा जागीं त्यांच्यांतील जिवंतपणा वाचकाला धरून ठेवतो, आणि त्यांचें कौतुक करावें असें वाटूं लागतें तेव्हां त्या कौतुकाची किंमत कोणी भरली हें समोर येतें. चार पिढ्यांचा पट एवढ्याचसाठीं लागतो. एका माणसाच्या चरित्रांत ऱ्हास हा त्याच्या दुर्गुणाचा परिणाम वाटतो. चार पिढ्या एकापाठोपाठ एक पाहिल्या म्हणजे आजोबांचा जो गुण घराणें उभारण्यास कारण झाला, तोच नातवाच्या हातीं घराणें बुडवितो, हें दिसूं लागतें. पराक्रमाला जोंवर नवें रान मिळतें तोंवर तो पराक्रम राहतो. रान संपलें कीं तो भाऊबंदांवर उलटतो. कथेचा शेवट येथें सांगून वाचकाचा रसभंग करण्याचें कारण नाहीं.

याच मुलखावरची आणखी एक कादंबरी तिच्यासोबत वाचण्याजोगी आहे. गो. नी. दांडेकर यांची 'पडघवली' १९५५ सालीं प्रसिद्ध झाली. खोताच्या घरीं सून म्हणून आलेली अंबूवहिनी ती कहाणी स्वतःच्या तोंडानें सांगते. एक नांदतें गांव हळूहळू ओस कसें पडत गेलें याचा तो विलाप आहे. खोत घराण्याचा इतिहास पुरुषांच्या नांवांनीं लिहिला जाई, कारण हिस्सा त्यांचा होता. मुलीला खोतींत वांटा नव्हता आणि सुनेला वाड्यांत राहूनहि सत्ता नव्हती. हिंदु वारसा कायदा १९५६ सालीं झाला आणि वडिलार्जित मिळकतींत मुलीला जन्मतः मुलासारखा हक्क २००५ सालच्या दुरुस्तीनें देशभर मिळाला. तोंपर्यंत घराण्याचें ओझें वाहणारें आणि ऱ्हासाची झळ प्रथम सोसणारें माणूस हिस्सेदारांच्या यादींत नसेच. स्वयंपाकघरांतलें धान्य कमी झालें हें बाहेर ओटीवर बसलेल्या खोताच्या आधीं तिलाच समजत असे.

खोतांच्या घरची बाजू अशी. कुळाच्या घरची बाजू निराळी होती आणि विसाव्या शतकांत ती बोलूं लागली. अलिबाग तालुक्यांतील चरी या गांवीं १९३३ सालच्या ऑक्टोबरांत नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं शेतकऱ्यांनीं संप पुकारला. खोत आणि सावकार यांच्या जमिनी कसावयाच्या नाहींत असा त्यांचा निर्धार होता. आसपासच्या पंचवीस गांवांत पसरलेला हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षें, टिकला. शेतकरी लाकडें विकून आणि मिळेल ती मजुरी करून जगले, पण नांगर धरला नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें मूळ गांव आंबडवें, तेंहि दापोलीला लागून असलेल्या मंडणगड तालुक्यांत आहे. त्यांनीं १९३७ सालच्या सप्टेंबरांत मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें, आणि १० जानेवारी १९३८ रोजीं हजारों शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईंत कौन्सिल हॉलवर गेला. तें विधेयक त्या वेळीं मंजूर झालें नाहीं. परंतु १९४९ सालीं खोती निर्मूलनाचा कायदा झाला व १९५० पासून तो अंमलांत आला. खोताची खासगी जमीन त्याच्याकडे राहिली. सरकार आणि कूळ यांच्या मधोमध उभें राहण्याचा त्याचा अधिकार गेला. १९४८ च्या कूळकायद्यान्वयें पुढें १ एप्रिल १९५७ हा दिवस कृषकदिन ठरला आणि कसणारीं कुळें जमिनीचीं मालक मानलीं गेलीं.

कायद्यानें खोत बुडाले असें गांवोगांवीं सांगितलें जातें. वर मांडलेलें गणित ध्यानांत घेतलें तर असें दिसतें कीं, पुष्कळ ठिकाणीं कायदा आला तेव्हां घराणें आंतून पोखरलें गेलेलें होतें. कायद्यानें अधिकार काढून घेतला. घरांतील एकी, कर्जमुक्त जमीन आणि काम करण्याची संवय या गोष्टी त्याआधींच जाऊं लागल्या होत्या. आपल्या पडझडीला बाहेरचें कारण सांपडलें म्हणजे मन हलकें होतें. चार पिढ्यांची कहाणी वाचणाऱ्याला मात्र हें सोपें समाधान फार काळ पुरत नाहीं.

सरदार घराण्यांची अशी पडझड इतर देशांतहि झाली आणि तिच्यावर थोर कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. त्यांतील एकीशीं तुलना केली असतां कोंकणची गोष्ट अधिक स्पष्ट होते. इटलीच्या दक्षिणेस असलेल्या सिसिली बेटावरील ज्युझेप्पे तोमासी दि लाम्पेदूझा हा स्वतः एका जुन्या राजघराण्याचा वारस होता. पालेर्मो शहरांतील त्याचा वडिलोपार्जित वाडा १९४३ सालीं बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. त्यानें आयुष्याच्या अखेरीस एकच कादंबरी लिहिली. दोन प्रकाशकांनीं ती नाकारली, १९५७ सालीं तो वारला आणि १९५८ सालीं ती प्रसिद्ध झाली. इंग्रजींत ती 'द लेपर्ड' या नांवानें ओळखली जाते. १८६० सालीं गॅरिबाल्डीची फौज सिसिलींत उतरली, जुनें राज्य गेलें, आणि सालीना घराण्याचा प्रमुख प्रिन्स फाब्रित्सिओ आपला काळ संपल्याचें उघड्या डोळ्यांनीं पाहतो, असा तिचा विषय आहे. त्याचा देखणा व निर्धन पुतण्या तांक्रेदी हा कारस्थानांनीं श्रीमंत झालेल्या गांवच्या नगराध्यक्षाच्या मुलीशीं, आंजेलिकाशीं, लग्न करतो. जुनें नांव आणि नवा पैसा यांची गांठ पडते. प्रिन्सला तो नवा व्याही मनापासून आवडत नाहीं. तरी लग्न तोच जुळवून देतो.

हा मार्ग कोंकणांतील खोताला खुला नव्हता. बाजारपेठेंत कोणी वाणी श्रीमंत झाला, कोणी खलाशी परदेशीं जाऊन पैसा घेऊन आला, किंवा एखाद्या कुळानें चार एकर विकत घेतले, तरी त्याच्या घरची मुलगी खोताच्या घरीं सून म्हणून येणें जातीच्या निर्बंधामुळें अशक्य होतें. नव्या संपत्तीला जुन्या घराण्यांत शिरण्याची वाट नव्हती आणि जुन्या घराण्याला नव्या संपत्तीशीं नातें जोडण्याची सोय नव्हती. सिसिलींत जें काम लग्नानें केलें तें कोंकणांत दुसऱ्याच एका गोष्टीनें केलें, आणि ती गोष्ट म्हणजे मुंबईची नोकरी. तीन पैंच्या खोतीवर भागत नाहीं हें ज्यानें आधीं ओळखलें त्यानें मुलाला इंग्रजी शाळेंत घातलें. तो मुलगा दाभोळच्या बंदरांत आगबोटींत बसला, मुंबईस आला, चाळींत दोन खोल्यांत राहिला, कारकून झाला, शिक्षक झाला, वकील झाला. सुशिक्षित मध्यमवर्गीय बिऱ्हाड म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याचा एक उगम असा पडक्या वाड्याच्या ओटीवर आहे. घराण्याचा ऱ्हास आणि बिऱ्हाडाचा उदय या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत.

त्याच आगबोटींत कुळाचा मुलगाहि असे. तो गिरणगांवांत जाई, साच्यावर उभा राही आणि महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर पाठवी. गांवांत ज्यांनीं एका ओटीवर बसावयाचें नाहीं ते दोघे बोटींत एकाच फळीवर बसत. कुळाच्या घरीं त्या मनिऑर्डरीनें खोताचें देणें फिटे आणि वेठीला नकार देण्याचें बळ येई. म्हणजे ज्या शहरानें खोताच्या मुलाला आसरा दिला त्याच शहरानें त्याच्या बापाची सत्ता सैल केली.

नोकरीची वाट धरणाऱ्याच्या मागें कोणी तरी घरीं राहतो, ही त्यांतील दुखरी गोष्ट आहे. महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' या नाटकांत ती फार नेमकेपणानें आली आहे. १९८५ सालीं विजया मेहता यांनीं रंगभूमीवर आणलेल्या या नाटकांतील देशपांड्यांचा वाडा विदर्भांत, धरणगांवीं आहे. वडील वारल्यावर मुंबईस नोकरी करणारा सुधीर पत्नीसह गांवीं येतो. थोरला भास्कर तेथेंच राहिलेला आहे. अंगणांत नादुरुस्त ट्रॅक्टर गंजत पडलेला आहे. तेराव्याच्या जेवणाचा खर्च कोणीं करावा या साध्या प्रश्नांतून घरचा सगळा हिशेब बाहेर येतो. शहरांतल्या भावाला वाटतें, गांवाकडच्यानें मिळकत खाल्ली. गांवाकडच्याला वाटतें, आईबाप आपण सांभाळले आणि हा पाहुण्यासारखा आला. दोघांचेंहि म्हणणें खरें असतें. मुलुख बदलला, वतनाचें नांव बदललें, तरी वाद तोच राहिला. नवी मुंबईंतील ज्या कुटुंबांत सहहिस्सेदारांचीं संमतिपत्रें गोळा करण्याचें काम चाललें असेल, त्यांना सुधीर आणि भास्कर यांची ओळख करून देण्याची आवश्यकता नाहीं.

त्या कुटुंबांनीं आणखी एका गोष्टीचा विचार करावयास हवा. तीं ज्या जमिनीवर आज राहतात ती जमीनहि कोणाची तरी भातखाचरें होती. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील पंचाण्णव गांवांची जमीन नव्या शहरासाठीं घेण्याचें ठरलें. घणसोली, शिरवणें, करावें अशा गांवांतून राहणाऱ्या आगरी व कोळी कुटुंबांची शेतें, मिठागरें आणि मासेमारीच्या जागा त्यांत गेल्या. चरीच्या संपाचा वारसा सांगणाऱ्या शेतकऱ्यांचेच हे भाऊबंद. जमिनीच्या मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं लढा दिला. जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांतील आंदोलनांत पांच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारानें मृत्युमुखीं पडले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यांतून आली. खोताची सत्ता गेली तेव्हां त्याच्या मुलांपाशीं विद्या होती आणि तिच्या बळावर तीं नव्या जगांत उभीं राहिलीं. येथील शेतकऱ्याची जमीन गेली तेव्हां त्याच्या हातीं पैसा आला, पण त्या पैशाचें दीर्घकाळ टिकणाऱ्या उपजीविकेंत रूपांतर करण्याची तयारी करून घेण्यास त्याला पुरेसा अवधि मिळाला नाहीं. घराणें थोर होतें कीं साधें, एवढ्यावर त्याच्या पडझडीचें दुःख मोजतां येत नाहीं. पडतांना हातीं काय उरलें हें पाहावें लागतें.

'तुंबाडचे खोत' वाचण्यास सवड लागते, आणि शहरांतल्या घरांत तीच कमी असते. तरीहि रोज पंधरा-वीस पानें अशा बेतानें दोन-अडीच महिन्यांत ती सहज पुरी होते. घरांतील वडील माणसांनीं आणि तरुणांनीं ती एकाच वेळीं वाचावयास घेतली तर अधिक बरें. वडिलांना तींतील कित्येक शब्द परिचयाचे वाटतील. अर्धेल, धारा, कबुलायत हे शब्द ते मुलांना समजावून देतील. मुलें कदाचित् असे प्रश्न विचारतील कीं ज्यांचीं उत्तरें देणें वडिलांना जड जावें: आपल्या शेतांत नांगर कोण धरी? त्याला काय मिळे? त्याचीं नातवंडें आतां कोठें आहेत? सातबाराच्या उताऱ्यावर खोताच्या घराण्याचीं नांवें असतात, तशीं जुन्या उताऱ्यांत कुळांचींहि असतात. पुढच्या खेपेस गणपतीला गांवीं गेल्यावर तीं नांवें कोणाचीं होतीं याची चौकशी करणें फारसें कठीण नाहीं. तीं सांगूं शकणारीं माणसें गांवांत अजून आहेत.